तेवीस चिठ्ठ्यांची दोरी

राजारामपुरीत कुणाला विचारलं, गौराबाई हिरेमठ कुठं राहतात, तर समोरचा डोकं खाजवत बसेल. आक्काचं दुकान कुठाय, असं विचारा. शेंबडं पोरसुद्धा हात धरून आणून सोडेल. बोर्डावर ‘हिरेमठ डीटीपी व बाइंडिंग’ असं लिहिलंय, पण आत पाऊल टाकलं की संगणक नंतर दिसतो. आधी दिसते ती दोरी. या भिंतीच्या खिळ्यापासून त्या भिंतीच्या खिळ्यापर्यंत ताणलेली, कपडे वाळत घालायची साधी नायलॉनची दोरी, तिच्यावर लाकडी चिमटे, आणि चिमट्यांना लोंबणाऱ्या पिवळ्या-पांढऱ्या चिठ्ठ्या. नवखं पोरगं दारातच बिचकतं. त्याला वाटतं, पीएचडीचा प्रबंध टायपिंगला द्यायला निघालो आणि चुकून इस्त्रीवाल्याकडं आलो का काय!

आक्का मूळची गडहिंग्लजकडची. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना लग्न झालं, आणि कागदावर शिक्षण राहिलं ते बारावी पास. नवऱ्यानं टाइपरायटरचं दुकान टाकलं होतं. तो गेला आणि दुकान हिच्या गळ्यात पडलं. पस्तीस वर्षं झाली. टाइपरायटर जाऊन संगणक आला, आणि या बाईच्या बोटांखालून किती प्रबंध गेले त्याची गणती नाही. ऊस, नाटक, सहकार, संतसाहित्य, चांदीचे कारागीर, काय वाटेल ते. एवढं टाइप केल्यावर माणूस आंधळा तरी होतो नाहीतर शहाणा तरी. आक्का शहाणी झाली. तिसऱ्या पानावर तिला कळायचं की या पोराला काय सांगायचंय ते पोरालाच ठाऊक नाही.

पण ही दोरी काही तिनं ठरवून बांधली नव्हती. दोन हजार पाचच्या पुरात चिखलीचा आकाराम नावाचा विद्यार्थी भिजून लगदा झालेला हस्तलिखिताचा गठ्ठा पोटाशी धरून दुकानात आला आणि मोठ्यानं रडायला लागला. आक्कानं दोरी बांधली, घरातले चिमटे आणले आणि एकेक पान वाळत घातलं. पानं वाळेस्तोवर ती दोरीखालून चालत वाचत होती. वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, “आरं आकाराम, तू एकच गोष्ट तीनदा सांगतोयस की!” आकाराम डोळे पुसत उठला, दोरीखालून चालला, आणि त्याला ते पहिल्यांदा दिसलं. गठ्ठ्यात चार वर्षं लपलेलं दोरीवर एका दुपारी उघडं पडलं.

तेव्हापासून दोरी कायमची झाली. पानांच्या जागी चिठ्ठ्या आल्या. एका मुद्द्याला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एकच वाक्य, तेही पुरतं. कुणी नुसतं ‘गुऱ्हाळांचा इतिहास’ असं लिहून आणलं की आक्का चिठ्ठी परत करायची. “इतिहासाचं काय? वाढली का बुडाली? का बुडाली? ते लिही की मर्दा!” आपला स्वतःचा मुद्दा असला तर पिवळी चिठ्ठी. दुसऱ्याकडून घेतलेला असला तर पांढरी, आणि पांढऱ्या चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात ज्याचं त्याचं नाव. कोपरा रिकामा असला तर चिठ्ठी दोरीवर चढायचीच नाही, मग समोर कुणी का असेना. सगळ्या टांगून झाल्या की विद्यार्थ्यानं दोरीखालून चालत मोठ्यानं वाचायचं. जिथं जीभ अडखळली तिथं खड्डा आहे. तो बुजवायचा, आणि मगच लिहायला बसायचं.

चिठ्ठ्या मात्र तेवीसच. चोविसावी टांगली की खिडकीचं दार लागत नव्हतं. खिडकी उघडी राहिली की रस्त्यावरची धूळ थेट प्रिंटरात. म्हणून आक्का म्हणायची, तेविसात बसव, नाहीतर दोन एकात घाल. पोरं कुरकुरायची, पण बसवायची.

दहा-अकरा वर्षांपूर्वी धैर्यशील पोवार आला तो असाच. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावचा, शेतकऱ्याच्या घरचा, घराण्यात पहिलाच एवढं शिकलेला. गुऱ्हाळावर राबणाऱ्या कामगारांवर चारशे बारा पानं लिहिली होती आणि गाइडनं ती टेबलावरून ढकलून दिली होती. “ह्याला शेंडा न्हाय का बुडखा न्हाय,” असं म्हणाला म्हणे गाइड. धैर्यशील दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. परत जाऊन ऊस तोडतो, पण आता लिहिणं नको, असं म्हणत होता.

आक्कानं त्याला चौदा महिने दोरीखालून चालवलं. चारशे बारा पानांच्या आधी दोनशे चिठ्ठ्या झाल्या, दोनशेच्या नव्वद, नव्वदीच्या तेवीस. भुकेची वेळ झाली की दुकानामागच्या स्वयंपाकघरात भाकरी आणि झुणका. तिला पोरबाळ नव्हतं. ती त्याला ‘तम्मा’ म्हणायला लागली. तिकडं कर्नाटकाच्या सीमेवर धाकट्या भावाला तसंच म्हणतात. इतकी वर्षं कुणालाच म्हणाली नव्हती.

प्रबंध पुरा झाला आणि शेवटी ऋणनिर्देशाची पानं टायपिंगला आली. त्यात दीड पान आक्कावर होतं. दोरी, चिठ्ठ्या, कोपऱ्यातलं नाव, भाकरी, सगळं. ‘माझ्या खऱ्या मार्गदर्शक’ असंसुद्धा लिहिलं होतं. टाइप करता करता आक्काची बोटं थांबली. आयुष्यात तिचं नाव छापून कधी आलं नव्हतं. आलं तर प्रत्येक प्रबंधात ठरलेलं एक वाक्य, ‘सुबक टंकलेखनाबद्दल श्रीमती हिरेमठ यांचे आभार’, आणि तेही तिनंच टाइप केलेलं. तिला ते दीड पान हवं होतं. खोटं कशाला बोला, जीव जळत होता त्याच्यासाठी. पण ती घाबरली. गाइडनं वाचलं तर? व्हायवाला कुणी म्हणालं, प्रबंध टायपिंगवालीनं लिहिलाय, तर? पोराच्या चौदा महिन्यांवर पाणी.

“टायपिंगवालीचं एवढं कशाला, तम्मा?” असं म्हणून तिनं दीड पान पुसलं आणि ठरलेलं एक वाक्य ठेवलं.

धैर्यशीलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “आज काढा, आक्का. पण एक दिवस सगळ्यांसमोर तुमचं नाव घेणार. जोतिबाची शप्पथ घेऊन सांगतो.”

तेवढ्यावर बाई दहा वर्षं जगली, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही. तो डॉक्टर झाला, प्राध्यापक झाला, मोना नावाच्या शिक्षिकेशी लग्न झालं, त्या लग्नात आक्कानं करवलीसारखं मिरवून घेतलं. पुढं येणं कमी झालं. कामं असतात, ती म्हणायची. कॉलेजाकॉलेजांत तो लिहायला शिकवतो असं पोरांकडून कानावर यायचं तेव्हा तिची छाती फुगायची. आपलं नाव तिथं निघत असणार याबद्दल तिला शंका नव्हती.

आणि परवाच्या श्रावणात त्याचा फोन आला. “आक्का, पुस्तक आलंय माझं. लेखनाच्या मांडणीवर. येत्या रविवारी कॉलेजच्या सभागृहात प्रकाशन हाय, मग पोरांची कार्यशाळा. तुमची दोरी आणि चिमटे लागणार. घेऊन या. तुम्ही पायजेच.”

“टायपिंगला कुठं दिलंतास रे?” तिनं सहज विचारलं.

“ते... पुण्याच्या प्रकाशकानंच केलं की.”

एवढंसं काहीतरी टोचलं तिला, पण ‘तुम्ही पायजेच’ या शब्दांपुढं ते टिकलं नाही. रविवारपर्यंत ती हवेत होती. व्यासपीठावर बोलायला सांगणार, हे तर उघड होतं, नाहीतर दोरी घेऊन बोलावलं कशाला? तिनं आपल्याच भाषणाच्या पाच चिठ्ठ्या लिहिल्या, दोरीवर टांगल्या, आणि दुकान बंद करून खालून चालत मोठ्यानं वाचल्या. चार पिवळ्या, एक पांढरी. पांढरीवर लिहिलं होतं, ‘दोरीची कल्पना मला भिजलेल्या पानांमुळं सुचली’, आणि उजव्या कोपऱ्यात, ‘आकाराम, चिखली’. वीस वर्षांपूर्वीच्या त्या रडक्या पोराचंही नाव तिनं सोडलं नाही.

रविवारी इरकल नेसून, पिशवीत दोरी घेऊन आक्का रिक्षानं निघाली. दारातच धैर्यशील भेटला. जाकीट घातलेलं, अंगानं भरलेला. “आणलीसा? लई बरं झालं,” म्हणाला, पिशवी घेतली आणि दुसऱ्या कुणाच्या हातात दिली. “बसा आक्का कुठंबी पुढं.”

पुढं मान्यवरांच्या नावांची कार्डं लावली होती. आक्का चौथ्या रांगेत बसली. शेजारी स्नेहल होती, सध्या आक्काच्या दोरीवर जिच्या चिठ्ठ्या लटकत होत्या ती एम.ए.ची मुलगी. व्यासपीठावर चार खुर्च्या होत्या. प्राचार्य बसले, पाहुणे बसले, प्रकाशक बसले, धैर्यशील बसला. आक्काला वाटलं, आता पाचवी आणतील. दोघांनी दोन लोखंडी स्टँडांमध्ये तिची दोरी ताणून बांधली. तिची स्वतःची दोरी व्यासपीठावर गेली होती आणि ती चौथ्या रांगेत होती, तरीसुद्धा तिला वाटत राहिलं, की बोलावतील.

पुस्तकावरचा चमकीचा कागद सोडला, टाळ्या झाल्या. पुस्तकाचं नाव ‘तेवीस चिठ्ठ्या’. आक्काला हसू फुटलं. लबाड, नाव बघा काय ठेवलंय! स्नेहलनं दारातच प्रत विकत घेतली होती. ती हातात घेऊन आक्कानं सवयीनं आधी ऋणनिर्देश उघडला. आई-वडील होते. मोना होती. गाइड होते, तेच पानं ढकलणारे. सहकारी, मित्र, प्रकाशक. पान संपलं.

ती पुन्हा वरून सुरू झाली. प्रूफ तपासताना ठेवायची तसं बोट ओळीखाली ठेवून एकेक नाव वाचत खाली आली. चुकून डोळ्यातून सुटलं असेल म्हणून तिसऱ्यांदाही वाचलं. नव्हतं. ‘सुबक टंकलेखन’सुद्धा नव्हतं.

मग प्रस्तावना. ‘लहानपणी परसात आई दोरीवर कपडे वाळत घालत असे. ते पाहता पाहता ही पद्धत माझ्या मनात आकाराला आली.’ आक्काला त्याच्या घरचं परस माहीत होतं. तिथं कपडे कुंपणावर वाळत टाकायचे, दोरी कधीच नव्हती. आणि पुढं नवव्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत: ‘विद्यापीठाच्या आसपासच्या टायपिंगच्या दुकानांपासून विद्यार्थ्यांनी सावध राहावे. अर्धशिक्षित टंकलेखकांच्या सल्ल्याने अनेक प्रबंधांचे नुकसान झाले आहे.’

“शिवशिवा,” ती एवढंच पुटपुटली. बोट ‘अर्धशिक्षित’ या शब्दाखाली येऊन थांबलं. पस्तीस वर्षं चाललेलं बोट ते! स्नेहलनं पुस्तक हळूच तिच्या हातातून काढून घेतलं.

वर धैर्यशील रंगात आला होता. दोरीखालून चालून दाखवत होता, अडखळून दाखवत होता, अगदी आक्कासारखा कमरेवर हात ठेवून “इतिहासाचं काय?” असं विचारत होता. पोरं हसत होती. मागून एका मुलानं हात वर केला. “सर, चिठ्ठ्या तेवीसच का?”

“फार छान प्रश्न,” धैर्यशील म्हणाला. “त्यामागं माझं अनेक वर्षांचं निरीक्षण हाय. माणसाचं मन एका वेळी किती मुद्दे धरू शकतं, त्याची एक मर्यादा असते. त्यावर भरपूर विचार करून तेवीस हा आकडा मी निश्चित केला.”

पाहुण्यांनी मान डोलावली. पोरं वहीत लिहून घ्यायला लागली. आणि आक्का उभी राहिली. का उभी राहिली ते तिलाही सांगता आलं नसतं.

“खिडकीमुळं,” ती म्हणाली.

सगळ्या माना वळल्या.

“माझ्या दुकानात चोविसावी चिठ्ठी टांगली की खिडकीचं दार लागत न्हाय. म्हणून तेवीस. दुसरं काय कारण न्हाय त्याला.”

धैर्यशीलचा चेहरा पांढरा पडला, आणि लगेच त्यावर हसू आलं, व्यासपीठावरच्या माणसांना येतं तसलं. “ह्या आमच्या आक्का,” तो माइकात म्हणाला. “आमच्या प्रबंधाचं टायपिंग ह्यांनीच केलं. अतिशय सुबक टंकलेखन! एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ देत.”

टाळ्या झाल्या. चांगल्या दणदणीत झाल्या. आक्का खाली बसली.

सभागृह रिकामं झाल्यावर ती व्यासपीठावर चढली आणि दोरीची गाठ सोडायला लागली. गाठ पोरांनी घट्ट मारली होती, सुटत नव्हती. धैर्यशील जवळ आला.

“आक्का, असं मधेच उठून बोलायचं व्हय? पाव्हणं काय म्हणलं असतील?”

“माझं नाव कुठाय?”

“समजून घ्या की जरा. पुस्तक संदर्भग्रंथ म्हणून लागायचंय. त्यात बारावी पास बाईकडनं शिकलो असं लिहिलं तर कोण हातात धरंल?”

“आणि ते सावध राहा?”

“ते बाकीच्या दुकानांबद्दल हाय हो. तुमच्याबद्दल न्हाय.” मग त्याचा आवाज चढला. “आणि एक सांगू का, नाव काढायला तुम्हीच शिकवलं मला. प्रबंधातलं दीड पान कुणी पुसलंवतं? मी का तुम्ही? टायपिंगवालीचं एवढं कशाला, हे कुणाचं वाक्य?”

आक्काचा हात गाठीवर तसाच राहिला. दहा वर्षं जे तिनं उराशी धरलं होतं, तेच त्यानं उचलून तिच्या तोंडावर मारलं होतं. डोळ्यांतून पाणी निघालं त्याचाच तिला संताप आला.

“मी पुसलं ते तुझं वाटोळं होऊ नये म्हणून,” ती शेवटी म्हणाली. “तू जोतिबाची शप्पथ घेतलीवतीस.”

“पोरगा हुतो तवा.” त्यानं घड्याळ बघितलं. जेवणाला पाहुणे खोळंबले होते. “बरं, आता तुम्हीच सांगा आक्का. एवढ्या पुस्तकात तुमचं नाव मी घालायचं तरी कुठं?”

गाठ सुटली. आक्कानं दोरी हातावर गुंडाळली, चिमटे मोजून पिशवीत टाकले आणि त्याच्याकडं बघितलं.

“उजव्या कोपऱ्यात, डॉक्टरसाहेब,” ती म्हणाली.

आक्का पायऱ्या उतरून चालायला लागली. मागं तो उभा होता की पाहुण्यांकडं गेला, तिनं वळून बघितलं नाही. भाषणाच्या पाच चिठ्ठ्या पर्सच्या कप्प्यात तशाच होत्या.

सोमवारी तिनं दुकान नेहमीच्या वेळेला उघडलं. दोरी परत दोन खिळ्यांना बांधली आणि स्नेहलच्या बावीस चिठ्ठ्या परत लावल्या. सगळं गाव फितूर झालं तरी तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि स्नेहलचा प्रबंध महिन्याअखेरीला द्यायचा होता. अकराच्या सुमाराला स्नेहल आली. काल सगळं डोळ्यांनी बघितलेली पोरगी, पण आज नजर वर करत नव्हती.

“तेविसावी चिठ्ठी आणलीस?”

“आणली की.” तिनं हात मात्र पुढं केला नाही. “आक्का, रागावू नका हं. गाइडनी सांगितलंय, प्रबंधाची मांडणी कुठल्या पद्धतीनं केली ते लिही म्हणून. मी तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, छापील संदर्भ लागतो.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “तुमचं कुठं काय छापून आलंय का, आक्का?”

कपाटातल्या काळ्या बाइंडिंगच्या प्रतींवरून आक्काची नजर फिरली. पस्तीस वर्षांचे प्रबंध. प्रत्येकात शेवटच्या ओळीला सुबक टंकलेखन.

“आण इकडं,” ती म्हणाली.

पांढरी चिठ्ठी होती. एकच वाक्य, पुरतं, जसं तिनं शिकवलं होतं तसं: ‘या प्रबंधाची मांडणी तेवीस चिठ्ठ्यांच्या पद्धतीने केली आहे.’ आणि उजव्या कोपऱ्यात, नेटक्या अक्षरांत: डॉ. धैर्यशील पोवार.

आक्कानं चष्मा वर केला आणि चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. नियमात कुठं चूक नव्हती.

“कोपरा बरोबर भरलायस,” ती म्हणाली, आणि चिमटा उघडून ती चिठ्ठी तिनं स्वतःच्या हातानं दोरीवर लावली.